एका मुलीसाठी चालू ठेवलेलं स्टेशन : गोष्ट आणि हिशेब

२०१६ च्या जानेवारीत एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेली होती. आठवतेय का बघा. जपानमधलं बर्फात बुडालेलं एक एकाकी स्टेशन. रेल्वेने ते बंद करायचं ठरवलं होतं, पण मग लक्षात आलं की एक शाळकरी मुलगी रोज तिथून शाळेला जाते. म्हणून रेल्वेने निर्णय घेतला की ती पास होऊन बाहेर पडेपर्यंत स्टेशन चालू ठेवायचं. दिवसाला दोनच गाड्या. सकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी एक, संध्याकाळी ५ वाजून ८ मिनिटांनी एक. दोन्ही फक्त तिच्यासाठी. खाली हात जोडलेले इमोजी आणि शेवटी ठरलेला टोमणा : "नाहीतर आपली रेल्वे बघा!"

खोटं कशाला बोलू, मीही ती पुढे ढकलली होती. वाचून गलबलून आलं होतं. नंतर ती गोष्ट दर वर्षा-दोन वर्षांनी नव्या फोटोसह परत येत राहिली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तोच टोमणा मारत राहिलं. तेव्हा म्हटलं, एकदा या स्टेशनाची खरी कुंडली मांडूच. कारण खरी हकीकत त्या फॉरवर्डपेक्षा जास्त कामाची आहे. थोडी कडूही आहे. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी गोष्ट दुरुस्त करून घेऊ.

जागा आहे जपानच्या उत्तर टोकाचं बेट, होक्काइदो. तिथे आसाहिकावा शहरापासून पूर्वेला आबाशिरीपर्यंत डोंगर ओलांडून जाणारा सेकिहोकु नावाचा रेल्वेमार्ग आहे, सव्वादोनशे किलोमीटरहून थोडा जास्त. त्याच्या मधोमध एंगारू हे तालुक्याच्या गावासारखं गाव, वीसेक हजार वस्तीचं. त्याच्या पश्चिमेला डोंगरात शिराताकी. या एका नावाची स्टेशनं ओळीने होती : कामी-शिराताकी म्हणजे वरचं, मग नुसतं शिराताकी, मग क्यू-शिराताकी म्हणजे जुनं, मग शिमो-शिराताकी म्हणजे खालचं. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात ना, तसंच.

फॉरवर्डमध्ये नाव होतं कामी-शिराताकीचं. मुलगी तिथून चढतच नव्हती. ती चढायची क्यू-शिराताकीहून. ७:०४ आणि ५:०८ या वेळाही कामी-शिराताकीच्या. क्यू-शिराताकीला शाळेच्या दिशेने सकाळी एकच गाडी थांबायची आणि परतीच्या दिशेने तीन. म्हणजे सकाळची चुकली तर दिवस गेला, संध्याकाळी मात्र थोडी निवड होती.

दुसरी गोष्ट. गाड्या तिच्यासाठी धावत नव्हत्या. त्या त्या मार्गावरच्या रोजच्या लोकल होत्या, वाटेतल्या स्टेशनांवर थांबत जाणाऱ्या. स्टेशन बंद झाल्यावरही तो मार्ग चालूच राहिला. तिच्या स्टेशनावर गाडी थांबायची बंद झाली, एवढंच.

तिसरी गोष्ट तारखेची. स्टेशन बंद झालं २६ मार्च २०१६ ला आणि तिची शाळाही त्याच मार्चमध्ये संपली. लोकांनी दोन्ही जोडलं. पण जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं, आणि तिथल्या रेल्वे कंपन्यांचं मोठं वेळापत्रकही दर वर्षी मार्चमध्येच बदलतं. स्टेशनं बंद व्हायची ती बहुतेक त्याच दिवशी होतात. त्या दिवशी एकट्या क्यू-शिराताकीवर पडदा पडला नाही. कामी-शिराताकी गेलं, शिमो-शिराताकी गेलं, त्याच मार्गावर पलीकडचं कानेहानाही गेलं. तिच्या शाळेचा कुणी विचारच केला नसेल असं मी म्हणत नाही. पण "एका मुलीसाठी रेल्वे थांबली" हे काही त्या चार स्टेशनांच्या हिशेबात बसत नाही.

आता स्टेशन म्हणजे नक्की काय होतं तिथे?

आपल्या डोळ्यांसमोर स्टेशन म्हटलं की मास्तर, घंटा, चहावाला आणि पाण्याचा नळ येतो. क्यू-शिराताकीला यातलं काही नव्हतं. एक रूळ, एक छोटा फलाट, आणि लाकडाची एक खोली, शेतातल्या खोपटापेक्षा थोडी बरी. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जाणाऱ्या प्रदेशात वाऱ्यापासून आडोसा म्हणजे हीच खोली. कामी-शिराताकीची इमारत मात्र जुनी, लाकडी, उतरत्या छपराची, खरं स्टेशन वाटावं अशी.

अशा स्टेशनांवर कर्मचारी नसतो, तिकीट खिडकी नसते. गाडी म्हणजे बहुतेक वेळा डिझेलवर चालणारा एकच डबा, आणि त्यात एकच माणूस, ड्रायव्हर. चढताना दाराशी यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची. पुढे काचेवरच्या पाटीवर आकड्यापुढे भाडं दिसत राहतं. उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि पैसे टाकायचे. आपल्या एसटीचा कंडक्टर काढून घेतला तर जसं होईल तसं.

होक्काइदोत याहून साधी स्टेशनंही आहेत. मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असायचा, आठवतोय? १९८० च्या दशकात जपानने ते काढून टाकले. डबे भंगारात घालण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी चाकं काढून फलाटाशेजारी ठेवले आणि आत बाकडी टाकली. झाली प्रतीक्षागृहं. त्यातली काही आजही वापरात आहेत.

आणि जवळपास प्रत्येक अशा खोलीत एक गोष्ट सापडते : एक साधी वही. येणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. कुठून आलो, बर्फ किती होता, गाडीला किती वेळ आहे. ती वही ठेवणारी, खोली झाडणारी, बर्फ बाजूला करणारी माणसं बऱ्याचदा गावातलीच असतात.

एवढी तुटपुंजी जागा. पण ती तिथे आली कशी, हे बघायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

होक्काइदो ही मुळात आयनू लोकांची भूमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानच्या नव्या सरकारने ती ताब्यात घेऊन तिथे वसाहत करायला सुरुवात केली. आधी रस्ते हवेत. ते कोण करणार? कैदी. १८९१ मध्ये आबाशिरीच्या तुरुंगातले हजाराहून जास्त कैदी याच डोंगरांतून रस्ता काढायला जुंपले गेले. दोनशेहून जास्त त्या एका वर्षात मेले. तो रस्ता शिराताकीवरूनच जातो.

मग आले वसाहतकार. १९१२ च्या वसंतात दक्षिणेकडच्या वाकायामा भागातून ५४ कुटुंबं शिराताकीत आली. त्यांचा म्होरक्या होता २८ वर्षांचा उएशिबा मोरिहेई. हे नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर, पुढे ऐकिदो ही युद्धकला उभी करणारा तोच. तेव्हा मात्र तो जंगल तोडून शेत करणारा एक तरुण होता. १९१७ मध्ये आगीत वस्तीचा बराच भाग जळाला आणि लोकांनी परत उभा केला. डोंगरापलीकडच्या जगाशी जोडणारी रेल्वे मात्र अजून यायची होती.

रेल्वे दोन बाजूंनी आली. पूर्वेकडून ती १९१५ पर्यंत एंगारूला पोचली, आणि या पूर्वेच्या टप्प्यावर जोमोन नावाचा बोगदा आहे. साधारण अर्धा किलोमीटर लांब. १९१२ ते १९१४ मध्ये तो खणला गेला आणि खणणारे होते ते 'ताकोबेया'चे मजूर. ताको म्हणजे ऑक्टोपस, बेया म्हणजे खोली. फसवून किंवा कर्जात अडकवून आणलेले, कुलूपबंद खोल्यांत ठेवलेले, पळाले तर मार खाणारे. शंभराहून जास्त मेले असं सांगतात. मेलेल्यांना तिथेच पुरलं, काहींना तर भिंतीतच, अशी कुजबुज आसपासच्या गावांत कित्येक वर्षं होती. लोक भुताखेताच्या गोष्टी म्हणून सोडून देत. १९६८ च्या भूकंपात बोगद्याला इजा झाली. दुरुस्ती चालू असताना १९७० मध्ये भिंतीच्या विटांमागून खरोखरच माणसाचा सांगाडा निघाला. पुढे कानेहानाजवळ त्या मजुरांचं स्मारक उभं राहिलं. होय, तेच कानेहाना, जे क्यू-शिराताकीबरोबर एकाच दिवशी बंद झालं.

शिराताकीपर्यंत रूळ १९२९ मध्ये आले. मग डोंगराखालून चार किलोमीटरहून लांब बोगदा खणून १ ऑक्टोबर १९३२ ला मार्ग पश्चिमेशी जोडला गेला. कामी-शिराताकी स्टेशन त्याच दिवशी उघडलं.

हे सगळं नफ्यासाठी केलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. सरकारला उत्तरेत वस्ती हवी होती, लाकूड हवं होतं, शेती हवी होती. प्रवासी किती मिळतील, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर त्या डोंगरात एक स्लीपरही पडला नसता.

आता क्यू-शिराताकी. ते १९३२ च्या यादीत नाही. ते उघडलं १९४७ मध्ये, युद्धात हरलेल्या, भुकेल्या जपानमध्ये. आणि उघडलं तेही पूर्ण स्टेशन म्हणून नव्हे. होक्काइदोत अशा थांब्यांची एक वेगळीच जात होती. मराठीत त्याला 'कामचलाऊ थांबा' म्हणू. टोकियोच्या मुख्यालयाची मंजुरी लागायची नाही. स्थानिक रेल्वे कार्यालयाला वाटलं की इथे चार घरं आहेत, पोरं शाळेला जातात, तर फळ्यांचा फलाट टाकायचा आणि गाडी थांबवायची. देशाच्या अधिकृत यादीत त्याचं नाव नाही, त्यामुळे त्याचं स्वतःचं भाडंही नाही. तिकीट पुढच्या खऱ्या स्टेशनापर्यंतचं घ्यायचं आणि इथे उतरायचं.

मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत आवडलेली गोष्ट ही. कागदावर नसलेलं स्टेशन, पण रोज गाडी थांबते. क्यू-शिराताकी अशी तब्बल चाळीस वर्षं चाललं. माणुसकी शोधायचीच असेल तर ती इथे आहे, कुठल्यातरी जिल्हा कार्यालयातल्या बिननावाच्या अधिकाऱ्याच्या निर्णयात, ज्याने गावकऱ्यांचं ऐकलं आणि नियमाला वळसा घातला. त्याच्यावर कुणी पोस्ट लिहिली नाही.

मग १९८७ आलं.

जपानची सरकारी रेल्वे १९६४ पासून तोट्यात होती. गंमत बघा, त्याच वर्षी पहिली बुलेट ट्रेन सुरू झाली. तोटा वाढत गेला, कर्जावर कर्ज चढलं. १९८० मध्ये कायदा करून कमी प्रवाशांचे मार्ग वेचून काढले गेले. पुढच्या दहा वर्षांत ८३ मार्ग, तीन हजार किलोमीटरहून जास्त, एकतर बंद झाले किंवा स्थानिक संस्थांच्या गळ्यात पडले. एंगारूला पूर्वी उत्तरेकडून येणारा एक मार्ग होता, नायोरो मार्ग. तो १९८९ मध्ये गेला. त्याची खूण आजही दिसते. एंगारूला आलेली प्रत्येक गाडी उलटी फिरते, इंजिनाचं तोंड बदलतं, प्रवासी उठून आपली आसनं फिरवून घेतात. कारण समोरचा मार्ग उरलाच नाही.

१ एप्रिल १९८७ ला सरकारी रेल्वेचे तुकडे झाले. सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतुकीची. मागे राहिलेलं कर्ज साधारण ३७ लाख कोटी येन, ज्यातला मोठा भाग शेवटी करदात्यांच्याच डोक्यावर आला. टोकियो, ओसाका आणि बुलेट ट्रेनचा मुख्य मार्ग ज्यांच्या वाट्याला आला त्या कंपन्या श्रीमंत झाल्या. होक्काइदोच्या वाट्याला आलं बर्फ, डोंगर आणि आटत चाललेली गावं.

त्याच दिवशी क्यू-शिराताकीला मात्र बढती मिळाली! कामचलाऊ थांबे नव्या कंपनीत पूर्ण स्टेशनं झाले. चाळीस वर्षांनी ते कागदावर आलं. आणि कागदावर आलेली गोष्ट हिशेबात येते. हिशेबात आली की तिचा तोटा मोजता येतो.

होक्काइदोत तोटा होणार, हे वाटणी करणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. कंपनीला ६८,२२० कोटी येनचा निधी दिला. तो गुंतवायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून तोटा भरायचा. तेव्हाच्या ७.३ टक्के दराने वर्षाला जवळपास ५ हजार कोटी येन सुटत होते. गणित चोख होतं. आपल्याकडे निवृत्त मास्तर एफडी करून व्याजावर घर चालवतात, तसंच.

आणि मास्तरांचं जे होतं तेच झालं. व्याजदर पडले. जपानमध्ये तर ते जवळजवळ शून्यावर आले. निधी जागच्या जागी, पण व्याज आटलं. वर खेडी ओस पडत गेली, तरुण साप्पोरोला गेले, चांगले रस्ते झाले, प्रत्येकाच्या दारात गाडी आली. रेल्वेत उरले कोण? गाडी चालवता न येणारे. म्हणजे म्हातारे आणि शाळकरी पोरं. होक्काइदोच्या लोकलमध्ये सकाळी चढलात तर डबा गणवेशातल्या मुलांचाच दिसेल.

पैसे कमी पडू लागले की आधी कुठे काटकसर होते हेही तिथे दिसलं. २०११ मध्ये एका एक्स्प्रेसला बोगद्यात आग लागली. २०१३ मध्ये रूळ तपासणीचे आकडेच बदलल्याचं उघड झालं. मग सुरक्षेवर खर्च करणं भाग पडलं. तो आणायचा कुठून? स्टेशनांच्या यादीत ज्यांच्यापुढे "दिवसाला सरासरी एक प्रवासी किंवा कमी" असं लिहिलं होतं, त्यांच्यावर बोट गेलं. त्या यादीत क्यू-शिराताकी होतं.

तर ती जी एक मुलगी, तिच्यामुळे स्टेशन चालू होतं असं जग म्हणत होतं. कंपनीच्या वहीत तीच मुलगी "एक किंवा कमी" या रकान्यातला आकडा होती.

२५ मार्च २०१६ ला शेवटची गाडी थांबली. दुसऱ्या दिवशी त्याच होक्काइदोत मोठा सोहळा होता. समुद्राखालच्या बोगद्यातून बुलेट ट्रेन पहिल्यांदा बेटावर आली. जवळपास १४९ किलोमीटरचा नवा मार्ग, फुगे, बँड, मंत्री. २६ मार्च २०१६ : एकाच कंपनीची, एकाच बेटावरची, एकाच वेळापत्रकाची तारीख. सोहळ्याचे फोटो जगाने पाहिले. त्याच वेळापत्रकातून चार नावं खोडली गेली, त्यांचा फोटो आपण "माणुसकी" म्हणून फॉरवर्ड केला.

आज पश्चिमेच्या कामिकावाहून निघालं की पुढचं स्टेशन शिराताकी, ३७.३ किलोमीटरवर. बुलेट ट्रेन सोडली तर जपानमध्ये दोन स्टेशनांमधलं एवढं अंतर दुसरीकडे कुठे नाही. मधली सगळी गळाली. आणि त्याच २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की १३ टप्पे, मिळून १,२३७ किलोमीटर, म्हणजे तिच्या जाळ्याचा साधारण अर्धा भाग, ती एकटी सांभाळू शकत नाही. सेकिहोकु मार्गाचा डोंगरातला सगळा भाग त्या यादीत आहे.

यावर कुणी म्हणेल, एका प्रवाशासाठी स्टेशन ठेवणं परवडत नाही, यात चूक काय? प्रश्न बरोबर आहे. पण मग कुठली स्टेशनं टिकली तेही बघू.

होक्काइदोच्या दक्षिण किनाऱ्यावर कोबोरो नावाचं स्टेशन आहे. दोन बोगद्यांच्या मधे शंभर मीटरसुद्धा मोकळी जागा नाही. जवळ घर नाही, धड रस्ता नाही. २०१५ मध्ये कंपनीने ते बंद करायचं ठरवलं. पण अशा निर्जन स्टेशनांवर जायचं वेड जपानमध्ये हजारो लोकांना आहे. तोयोउराच्या नगरपालिकेने विचार केला की ही तर आपली जाहिरात, आणि देखभालीचा खर्च उचलायला ती तयार झाली. त्यानंतर वर्षावर वर्ष करार वाढवत स्टेशन चालू राहिलं.

म्हणजे बघा. जिथे कुणीच राहत नाही ते स्टेशन टिकलं, कारण त्याचा खर्च उचलणारं कुणीतरी होतं. जिथून एक मुलगी शाळेला जायची ते गेलं. माझा तोयोउराच्या लोकांवर राग नाही, उलट कौतुक आहे. त्यांनी गोष्टीत न अडकता सरळ व्यवहार केला : आम्हाला हे हवंय, तर आम्ही पैसे देतो.

नुसत्या प्रेमाने स्टेशन टिकत नाही, याचंही उदाहरण तिथेच आहे. १९९९ मध्ये 'पोप्पोया' नावाचा सिनेमा आला, डोंगरातल्या एका छोट्या स्टेशनाच्या म्हाताऱ्या मास्तरावर. अख्खं जपान रडलं. चित्रीकरण झालं होतं इकुतोरा स्टेशनावर, लोक लांबून बघायला येत. २०१६ च्या ऑगस्टमधल्या वादळात तो मार्ग उखडला. दुरुस्ती झालीच नाही, आणि १ एप्रिल २०२४ ला तो टप्पा कायमचा बंद झाला. ज्या स्टेशनावर देश रडला, ते स्टेशन वाचलं नाही.

सेकिहोकु मार्ग मात्र अजून चालू आहे, आणि त्यामागे एक कारण ऐकून आपल्या नाशिककरांना बरं वाटेल. कांदा! मार्गाच्या पूर्वेचं कितामी म्हणजे जपानचं लासलगाव. तिथून ऑगस्ट ते एप्रिल कांद्याची मालगाडी निघते. एकदा तीही बंद करायचं घाटत होतं. शेतकरी आणि स्थानिक मंडळी मागे लागली, गाडी राहिली. ते रडले नाहीत, अडून बसले. टनांचे आकडे मांडले.

मला या सगळ्यातून जे कळलं ते एवढंच. क्यू-शिराताकीच्या आयुष्यात प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न होता : याचा खर्च कोण करणार? १९२९-३२ मध्ये उत्तर होतं, राज्य करणार, कारण त्याला वसाहत हवी आहे. त्याची किंमत कैदी आणि मजुरांनीही मोजली. १९४७ मध्ये उत्तर होतं, सगळ्यांच्या रेल्वेतूनच भागवू, पोरांना शाळेला जायचंय. १९८७ ला उत्तर होतं, व्याजातून बघू. २०१६ ला उत्तर होतं, कुणीच नाही. त्या फॉरवर्डने हा प्रश्नच पुसून टाकला. सार्वजनिक सेवा म्हणजे कुणा दयाळू कंपनीची मेहरबानी असते असं आपल्या मनावर ठसवलं. मेहरबानी असली की हात जोडायचे. हक्क असला की हिशेब मागायचा. दोन्हींत फरक आहे.

आणि "नाहीतर आपली रेल्वे बघा" म्हणणाऱ्यांना एक आठवण. आपल्याकडे खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. मानव विकासच्या निळ्या बस मुलींच्या शाळेसाठीच सोडलेल्या आहेत. त्या वेळेवर येतात का, मोडक्या असतात का, फेरी रद्द झाली तर मुलगी घरी कशी येते, यावर खुशाल भांडा. भांडायलाच हवं. पण जपानने एका मुलीसाठी जे केलं असं आपण ऐकलं आणि जे त्याने केलंच नाही, ते आपल्या राज्याने कागदावर तरी हजारो मुलींसाठी मान्य केलंय. ते कागदावरून रस्त्यावर येतंय का, हे बघायला व्हॉट्सॲप पुरत नाही, डेपोत जावं लागतं.

ती मुलगी आता तिशीकडे झुकलेली असेल. तिचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. बिचारीने शाळेला जायला गाडी पकडली, एवढाच तिचा दोष, आणि जगभर तिचा फोटो फिरला.

पुढच्या हिवाळ्यात ती गोष्ट तुमच्या ग्रुपवर परत येईल, हे नक्की. आली की वाचा, हवं तर डोळे पुसा. पण पुढे ढकलण्याआधी आपल्या गावाची सकाळची एसटी आज आली होती का, एवढं एकदा विचारा. आणि आली नसेल तर खाली कमेंटमध्ये गाव आणि वेळ लिहा. यादी करू, आणि ती घेऊन डेपोत जाऊ.